प्रश्नाच्या पुढचा प्रश्न

निवडणूक जवळ आली की आमच्या सिंधुदुर्गात नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागतात आणि अलीकडे त्यांवर एका नव्या प्रकारचे आकडे झळकू लागले आहेत. लोकसभेत विचारलेले प्रश्न इतके, भाग घेतलेल्या चर्चा इतक्या, उपस्थिती इतके टक्के. पूर्वी खासदाराच्या कामाचा हिशेब म्हणजे सभामंडप, हायमास्ट दिवे, स्मशानशेड आणि कुठल्या तरी गाडीला मिळवून दिलेला थांबा एवढाच असे. संसदेत बसून केलेले काम मतदारापुढे मांडण्याजोगे आहे, असे राजकीय पक्षांना वाटू लागले, ही गोष्ट मला मनापासून चांगली वाटते. पण गेली बरीच वर्षे मी अधिवेशनामागून अधिवेशन हे प्रश्न, त्यांची उत्तरे आणि मतविभाजनाच्या, म्हणजे नावानिशी नोंदलेल्या मतदानाच्या, याद्या वाचत आले आहे आणि आकड्यापाशी थांबणाऱ्याला खासदाराविषयी फार थोडे कळते, याची मला खात्री पटली आहे.

हे आकडे येतात कुठून, ते आधी सांगायला हवे. लोकसभा आणि राज्यसभा यांचे कामकाज संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. प्रत्येक प्रश्न, त्याचे उत्तर, भाषणांचे शब्दशः इतिवृत्त, सारे तिथे असते. २००५ साली दिल्लीत स्थापन झालेली पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था त्यातून खासदारनिहाय माहिती काढते आणि उपस्थिती, चर्चा, प्रश्न व खासगी (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) विधेयके अशा रकान्यांत, देशाच्या व राज्याच्या सरासरीसह, मांडून ठेवते. बातम्यांतले आणि फ्लेक्सवरचे बहुतेक आकडे तिथलेच असतात. ज्या ‘संसदरत्न’ पुरस्काराचा आपल्याकडे मोठा गाजावाजा होतो, तो संसद देत नाही. चेन्नईची प्राइम पॉइंट फाउंडेशन ही खासगी संस्था तो २०१० पासून देते आणि त्याचाही पाया मुख्यतः हे आकडेच असतात. महाराष्ट्रातल्या खासदारांना तो वारंवार मिळाला आहे, कारण प्रश्नांच्या संख्येत आपले खासदार सातत्याने पुढे राहिलेले आहेत. या रकान्यांत मंत्री सापडत नाहीत. मंत्री प्रश्न विचारत नाही आणि हजेरीपटावर सहीही करत नाही, त्यामुळे ज्या मतदारसंघाचा खासदार मंत्री झाला, तिथल्या मतदाराला ही पाने उघडून काहीच हाती लागत नाही. हजेरीचा अर्थही मर्यादित आहे. त्या दिवशी सही झाली, एवढेच हजेरी सांगते. खासदार सभागृहात किती वेळ बसला, ते सांगत नाही.

प्रश्नांची व्यवस्था समजून घेतली की संख्येचे वजन आपोआप कमी होते. लोकसभेत एका दिवसासाठी वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते आणि पटलावर ठेवले जाते. प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते आणि आलेल्या ढीगभर सूचनांतून कोणाचा प्रश्न यादीत यायचा, ते चिठ्ठ्या टाकून ठरते. म्हणजे एखाद्याच्या नावावर तारांकित प्रश्न किती, हे काही अंशी नशिबावर असते. वीस तारांकित प्रश्नांपैकी प्रश्नोत्तराच्या तासात प्रत्यक्ष पाच-सहा प्रश्नांवरच तोंडी उत्तरे होतात, बाकीच्यांची उत्तरे लेखीच मिळतात. आणि एकाच प्रश्नाखाली चार-पाच खासदारांची नावे असणे ही तर रोजची गोष्ट आहे. त्या प्रत्येकाच्या खात्यावर एकेक प्रश्न जमा होतो, मग तो लिहिला कोणी आणि त्यामागचा अभ्यास कोणाचा, याला आकड्यात जागा नसते.

म्हणून मी प्रश्न मोजत नाही, वाचते. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. आपल्या विधानसभेच्या यादीत तो शुद्ध मराठीत वाचायला मिळतो: अमुक ठिकाणी तमुक काम रखडले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, असल्यास, चौकशीत काय आढळून आले व तद्नुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचाही साचा असतो. ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’ आणि शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’. लोकसभेतल्या प्रश्नांची चौकट इंग्रजी-हिंदीत असली तरी हीच. या चौकटीत राहून काही खासदार विलक्षण नेमके विचारतात. कोणत्या वर्षी किती रक्कम मंजूर झाली, त्यातली किती खर्च पडली, काम कोणाला दिले, मुदत कधी संपली, दंड किती वसूल झाला. अशा प्रश्नाला ‘होय’ म्हणून सुटता येत नाही, आकडा द्यावाच लागतो. याउलट ‘अमुक योजना राबवण्याचा सरकारचा विचार आहे काय आणि असल्यास त्याचा तपशील काय’ असा प्रश्न आला की उत्तरात त्या योजनेची माहितीपुस्तिका येते. नोंद दोन्हींची सारखीच होते.

आमच्या भागातला सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले. तेव्हापासून कोकणातल्या आणि कोकणाबाहेरच्याही खासदारांनी या रस्त्यावर संसदेत किती वेळा विचारले असेल, याची गणती ठेवणे अवघड आहे. ही उत्तरे एकाखाली एक ठेवून वाचली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रत्येक उत्तर आपल्यापुरते पूर्ण असते. त्यात टप्पे असतात, किलोमीटर असतात, काम किती टक्के झाले ते असते, भूसंपादनाला लागलेला वेळ, वनखात्याची परवानगी, कंत्राटदाराची असमाधानकारक कामगिरी अशी कारणे असतात आणि काम संपण्याची एक तारीख असते. पुढच्या एखाद्या अधिवेशनात दुसऱ्या खासदाराच्या प्रश्नाला आलेल्या उत्तरात तारीख बदललेली असते आणि आधीच्या तारखेचा उल्लेखही नसतो. उत्तर खोटे नसते. त्याला फक्त मागची आठवण नसते, कारण ज्याने विचारले त्यानेही ती करून दिलेली नसते. ‘आपण अमुक तारखेच्या उत्तरात काम अमुक महिन्यात पूर्ण होईल असे सांगितले होते, ते का झाले नाही आणि त्याची जबाबदारी कोणावर निश्चित केली’ असा, आधीच्या उत्तराला धरून आलेला प्रश्न मला फार क्वचित दिसतो. तो दिसला की मी त्या खासदाराचे नाव टिपून ठेवते, पक्ष कोणताही असो.

हा पाठपुरावा करण्यासाठी संसदेने स्वतःही एक यंत्रणा उभी केलेली आहे आणि तिच्याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. मंत्री सभागृहात ‘माहिती गोळा करण्यात येत आहे व ती पटलावर ठेवण्यात येईल’ किंवा ‘या बाबीचा विचार केला जाईल’ असे म्हणाला, की ते आश्वासन म्हणून नोंदले जाते आणि ते तीन महिन्यांत पुरे करावे लागते. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून हेच पाहते. पुरी न झालेली आश्वासने तिच्या अहवालांत वर्षानुवर्षे दिसत राहतात. काही मंत्रालयाच्या विनंतीवरून वगळली जातात, आणि कोणती वगळली, का वगळली, तेही छापलेले असते. एखाद्या प्रश्नाचे पुढे काय झाले हे ज्याला शोधायचे आहे, त्याने हे अहवाल वाचल्याशिवाय राहू नये.

पाठपुरावा केला तर एक प्रश्न कुठवर पोचतो, याचे उदाहरण आपल्या संसदेच्या पहिल्या दहा वर्षांतच सापडते. नव्यानेच राष्ट्रीयीकरण झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले होते. १९५७ साली त्यावर लोकसभेत आधी प्रश्न आला, त्याला गुळमुळीत उत्तर मिळाले, मग पुन्हा विचारले गेले आणि डिसेंबरात फिरोज गांधी यांनी कागदपत्रांच्या आधारे सरकारला उघडे पाडले. ते सत्ताधारी काँग्रेसचे रायबरेलीचे खासदार होते आणि पंतप्रधानांचे जावई होते. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. मुंबईत ती सुनावणी सर्वांसमक्ष झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पद सोडावे लागले. संसदेत काय बोलले गेले ते वर्तमानपत्राला निर्धास्तपणे छापता यावे, यासाठी १९५६ साली संमत झालेला कायदाही फिरोज गांधी यांनीच खासगी विधेयकाच्या रूपाने आणला होता. आणीबाणीत तो रद्द झाला, १९७७ साली पुन्हा आला. त्याच आणीबाणीत प्रश्नोत्तराचा तासही स्थगित होता. आज मी घरी बसून खासदाराचा प्रश्न वाचते, यामागे इतके काही घडून गेलेले आहे.

प्रश्नाला किंमत आहे म्हणूनच तो विकलाही गेला. १९५१ साली हंगामी संसदेतले एक सदस्य एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सराफ बाजारातील बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचे व दुरुस्त्या सुचवल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. ती चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष हेच कृष्णमाचारी होते. पुढे डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडलेल्या अकरा खासदारांना दोन्ही सभागृहांनी घालवून दिले. त्यांत दोन आपल्या खानदेशातले होते. त्यांनी पैसे घेतलेले प्रश्न आकड्यांच्या हिशेबात इतर प्रश्नांसारखेच मोजले गेले असते.

मतदानाचा भाग वेगळा आहे आणि माझ्या मते तो सर्वाधिक गैरसमजाचा आहे. खासदाराने कोणत्या विधेयकावर कसे मत दिले, याची संपूर्ण यादी कुठेतरी असणारच, असे सुशिक्षित माणसांनाही वाटते. तशी यादी बहुतेक विधेयकांच्या बाबतीत नसतेच. अध्यक्ष विचारतात, जे अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, जे प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे. दोन्ही बाजूंचा आवाज ऐकून ते म्हणतात, मला वाटते होयचे बहुमत आहे. आणि कोणी हरकत घेतली नाही तर विधेयक आवाजी मतदानाने संमत होते. कोण काय म्हणाले याची नावानिशी नोंद राहत नाही. हरकत घेतली तर घंटा वाजते, लॉबी रिकाम्या केल्या जातात आणि मतविभाजन होते. तेव्हाच नावे उमटतात. सप्टेंबर २०२० मध्ये कृषी विधेयकांवर राज्यसभेत विरोधकांनी मतविभाजन मागितले होते. मागणी करणारे सदस्य आपल्या जागेवर नव्हते असे उपसभापतींचे म्हणणे होते, विरोधकांना ते मान्य नव्हते. विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. वर्षभर देश ज्या कायद्यांवरून ढवळून निघाला आणि जे पुढच्या वर्षी मागे घेतले गेले, त्यांवर राज्यसभेतल्या कोणत्या सदस्याने काय मत दिले, हे आज कोणालाच नावानिशी दाखवता येणार नाही.

घटनादुरुस्तीला मात्र विशेष बहुमत लागते, म्हणून तिथे मोजणी होतेच. महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत २० सप्टेंबर २०२३ रोजी ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले. त्या दोनांपैकी एक मत छत्रपती संभाजीनगरच्या तत्कालीन खासदारांचे, इम्तियाज जलील यांचे होते आणि दुसरे त्यांच्या पक्षाचे अध्यक्ष असदुद्दीन ओवैसी यांचे. नुसती यादी पाहणारा म्हणेल की या दोघांना स्त्रियांना आरक्षण नको होते. त्यांचा आक्षेप मुस्लिम आणि इतर मागासवर्गीय स्त्रियांसाठी त्यात स्वतंत्र तरतूद नाही, असा होता. तो पटो न पटो, पण त्या ‘नाही’चा अर्थ भाषण वाचल्याशिवाय लागत नाही. यादीत न दिसणारा तिसरा प्रकार सभात्यागाचा. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला डिसेंबर २०१९ मध्ये शिवसेनेने लोकसभेत पाठिंबा दिला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत मतदानावेळी तिचे सदस्य बाहेर पडले. राज्यसभेच्या मतविभाजनाची यादी पाहणाऱ्याला तिथे नावे दिसत नाहीत, एवढेच कळते.

आणि जिथे नाव उमटते तिथेही ते मत खासदाराचे किती, हा प्रश्न राहतोच. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले. पक्षादेशाविरुद्ध मत दिले किंवा परवानगीवाचून मतदानाला गैरहजर राहिले आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. घोडेबाजार थांबावा हा हेतू होता. तो किती साधला ते महाराष्ट्राने अलीकडच्या काही वर्षांत डोळ्यांनी पाहिले आहे. पण सामान्य विधेयकावरही पक्षादेश निघू शकतो आणि त्यामुळे आपल्या खासदाराची मते तपासत बसलो तर हाती येतो तो बहुतांशी त्याच्या पक्षाचा निर्णय. पक्षादेशाची ही सक्ती मताला आहे, प्रश्नाला नाही. काय विचारावे, किती खोल विचारावे, उत्तर पटले नाही तर पुन्हा उठून विचारावे की गप्प बसावे, हे आजही खासदाराच्याच हातात आहे. मंत्री आपल्या पक्षाचा असला तरी त्याला अडचणीचा प्रश्न विचारल्याने कोणाचे सदस्यत्व जात नाही. फिरोज गांधींनी जे केले ते आजच्या कायद्यातही करता येण्याजोगे आहे. म्हणूनच खासदार पारखायचा असेल तर त्याच्या मतांपेक्षा त्याच्या प्रश्नांकडे आधी पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

भाषणांच्या बाबतीत आमच्या मतदारसंघाचा वारसा मोठा आहे. तेव्हाच्या राजापूर मतदारसंघातून १९५७ पासून १९७१ मध्ये मृत्यू येईपर्यंत बॅ. नाथ पै आणि त्यानंतर १९९१ पर्यंत मधु दंडवते निवडून जात राहिले. दोघेही आयुष्याचा बराच काळ विरोधी बाकांवर बसले. मूलभूत हक्कांत संसदेला दुरुस्ती करता येणार नाही, असा गोलकनाथ खटल्याचा निकाल १९६७ साली आला, तेव्हा तो अधिकार संसदेकडे परत यावा म्हणून नाथ पै यांनी खासगी विधेयक आणले. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर देशभर वाद झाला, पण नाथ पैंच्या हयातीत ते संमत झाले नाही. १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने नेमके तेच काम केले. आजच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे ‘खासगी विधेयके’ या रकान्यात त्याची नोंद फक्त ‘एक’ अशी झाली असती. पुण्याचे मधु लिमये बिहारमधून निवडून येत आणि नियमावलीवरच्या हुकमतीमुळे सत्ताधाऱ्यांना त्यांचा धाक वाटे. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली गेली, तेव्हा लोकांनी आपल्याला पाचच वर्षांसाठी निवडले आहे म्हणून त्यांनी १९७६ मध्ये राजीनामा दिला. त्या लोकसभेच्या उरलेल्या काळातले त्यांच्या नावापुढचे सगळे रकाने कोरे. मला तो कोरेपणा फार मोलाचा वाटतो.

आज भाषणाला मिळणारा वेळ पक्षाच्या संख्याबळावर ठरतो आणि पुष्कळदा नवख्या खासदाराच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. अर्थसंकल्पावर किंवा राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील आभारप्रदर्शनाच्या ठरावावर लेखी भाषण पटलावर ठेवण्याचीही मुभा असते; इतिवृत्तात त्याची तशी खूण केलेली असते, ती पाहावी. मुळात सभागृह बसणेच कमी झाले आहे. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या होत्या, सतराव्या लोकसभेच्या २७४. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य निलंबित झाले, तेव्हा त्यांच्या नावावरचे प्रश्नही यादीतून निघाले. ते प्रश्न त्यांचे एकट्याचे नव्हते, त्यांच्या मतदारसंघांचेही होते. आणि जे काम खऱ्या अर्थाने बारकाईने होते, ते १९९३ पासून चालत आलेल्या, मंत्रालयांचे काम तपासणाऱ्या विभागवार स्थायी समित्यांत. त्या बंद दाराआड बसतात. अहवालाला जोडलेल्या इतिवृत्तात बैठकीला कोण हजर होते ते कळते, कोण काय बोलले ते नाही. एखादा खासदार तिथे मन लावून काम करत असेल तर त्याचे श्रेय त्याला देण्याचा मार्ग आपल्याकडे नाही, ही मला यातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही काही जण आता प्रश्नांचे कच्चे मसुदे तयार करतो आणि अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की पंधरा दिवसांची अट ध्यानात घेऊन ते खासदारांच्या कार्यालयाला पाठवतो. राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, टपाल, दूरसंचार, मासेमारीची सागरी हद्द असे केंद्राचे विषय लोकसभेसाठी. गावचा रस्ता, शाळा, जिल्हा रुग्णालयातली रिक्त पदे हे राज्याचे विषय आमदारांकडे विधानसभेसाठी. राज्याचा विषय दिल्लीला पाठवला तर तो दाखलच होत नाही. प्रत्येक मसुद्याच्या पहिल्या कलमात त्या विषयावर आधी मिळालेल्या उत्तराचा क्रमांक आणि दिनांक असतो, दुसऱ्यात त्या उत्तरातली मुदत, आणि तिसऱ्यात ती का पाळली गेली नाही याची विचारणा. येत्या अधिवेशनासाठीचा मसुदा महामार्गाच्या एका पुलाबद्दल आहे. आधीची तीन उत्तरे त्याला जोडलेली आहेत आणि या वेळी तो विरोधी आणि सत्ताधारी अशा दोन्ही बाजूंच्या खासदारांना एकाच दिवशी पाठवायचे ठरले आहे.